दारात आलेली तलवार

आमच्या घरी एक नियम आहे. दारात ‘नर्मदे हर’ म्हणून जो उभा राहील त्याला उलट ‘नर्मदे हर’ म्हणायचं आणि खायला द्यायचं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच नाही. नियम आईचा. माझं जे काही झालं ते या नियमामुळे झालं, असं माझी मावशी अजून सगळ्यांना सांगत फिरते. मावशीला काय कळतं! नियमाने माझं काही बिघडवलं नाही, बिघडवलं ते माणसाने. पण हे बोलायला गेलं की लोक म्हणतात, जाऊ दे ना, किती दिवस राग धरून बसशील? बसेन. माझा राग आहे, कुणाच्या घरी ठेवायला दिलेला नाही.

बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. त्यांना महाराजपूरकडे घर घ्यायचं होतं, त्यांचे सगळे दोस्त तिकडे गेले होते. आईने ऐकलं नाही. तिला मैयाजवळ राहायचं होतं. जबलपुरात नर्मदेला कुणी नदी म्हणत नाही, मैया म्हणतात. तर आम्ही ग्वारीघाटाच्या रस्त्यावर, एका गल्लीत घर घेतलं. मैयाची परिक्रमा करणारे लोक याच गल्लीतून जातात. एका काठाने समुद्रापर्यंत चालायचं, दुसऱ्या काठाने परत यायचं, आणि सगळं होईपर्यंत पाणी ओलांडायचं नाही. नावेतून नाही, पुलावरूनही नाही. ओलांडलं की परिक्रमा मोडली.

त्यांना खायला द्यायची आईची पद्धत ठरलेली आहे. जो थांबणार आहे त्याला आत घ्यायचं, पाटावर बसवायचं, शिजलेलं गरम वाढायचं. जो पुढे निघालेला आहे त्याला दारातच सिधा द्यायचा, म्हणजे कणीक, डाळ, मीठ, दोन बटाटे. तो पुढे जाऊन आपलं रांधून घेतो. शिजलेलं म्हणजे बैस, सिधा म्हणजे नीघ बाबा, तुझा रस्ता तुला बरा. आमच्याकडे चार दिवस जेवलेल्या कुणालाही हे न सांगता कळतं.

तो आला आषाढात. मी तेव्हा चौतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी, आणि माझ्या लग्नाचं बोलणं नातेवाइकांनी दमून सोडून दिलेलं. दारात पांढरे कपडे, मातीने भरलेले अनवाणी पाय, खांद्याला झोळी. कटोरा त्याने दोन्ही हातांनी पुढे धरला होता, शाळेच्या गॅदरिंगला बक्षीस घेताना धरतात तसा. भिक्षा मागणारा एका हाताने मागतो, दुसऱ्या हातात काठी असते. याची काठी भिंतीला टेकवून ठेवलेली, घसरून खाली पडली. मी आत वळून आईला म्हटलं, “अगं बघ, याला मागायचीही अक्कल नाही.”

“शिकून राहिलोय,” तो मराठीत म्हणाला.

मेले मी! आईने मला असं काही पाहिलं की मी आत पळाले.

चातुर्मासात परिक्रमा थांबते. चार महिने आहे तिथेच राहायचं असतं. त्याला घाटाजवळच्या एका आश्रमात कोपरा मिळाला होता. पहिल्या दिवशी आईने त्याला सिधा दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो बोटं भाजून परत आला. आईने त्याची बोटं पाहिली आणि पाट मांडला. तेव्हापासून तो रोज आमच्याकडे जेवला. पण मला ते बघवेना. वाटेत लोकांनी शिजलेलंच वाढलं म्हणे, पण तिशीच्या पुढचा धडधाकट माणूस, समुद्रापर्यंत जाऊन आलेला, पुढे अमरकंटकपर्यंत, मैयाच्या उगमापर्यंत जायचंय, आणि कणीक भिजवता येत नाही? एका रविवारी परात त्याच्यापुढे सरकवली. त्याने तांब्याभर पाणी एकदम ओतलं.

“बाबाजी, हे काय करून राहिले?” मी ओरडले. “पोस्टर चिकटवायचीत का?”

तो इतका हसला की पीठ नाकात गेलं. परिक्रमावासी कितीही तरुण असला तरी त्याला बाबाजीच म्हणतात. मी त्याला चार महिने बाबाजी म्हटलं. नाव विचारलं नाही. आईचा नियम माझ्याही अंगात भिनलेला. आता बोला, या जगात आणखी कोण असेल जी चार महिने रोज एका माणसाच्या पानात भाजी वाढते, त्याच्या प्रेमात पडते आणि तो कोण हे विचारत नाही? अशी चूक ग्वारीघाटावरच होते.

प्रेमात पडले, हे मी कबूल करते. लाजायचं काय त्यात. संध्याकाळी आरतीला तो घाटावर यायचा, मी पण जायचे. मी पायरीवर बसून मैयाशी भांडते, लहानपणापासून. मोठ्याने नाही, पण ओठ हलतात. त्याने एकदा विचारलं, काय मागता? मी म्हटलं, मागत नाही, जाब विचारते. तो म्हणाला, मला हे जमत नाही, मला फक्त हात जोडता येतात. मग आम्ही दोघं बसायचो, मी भांडत, तो हात जोडून. मध्ये एक पायरी सोडून. त्याच्याबरोबर बसल्यावर माझं भांडण लवकर संपायचं, हे मला आवडायला लागलं.

तो का चालत होता तेही त्याने तिथेच सांगितलं. त्याची आई आजारात गेली. जायच्या आधी तिने एवढंच मागितलं, की माझ्यासाठी परिक्रमा कर. अनवाणी कर, घरचं काही नेऊ नकोस, आणि लोकांच्या दारात उभा राहून मागून खा. “चालायचं कळतं,” तो म्हणाला, “पण मागून खा असं काहून म्हणाली असेल?” मलाही सांगता आलं नाही.

देवउठनी एकादशीला चातुर्मास संपला आणि तो निघाला. आईने त्या दिवशी सिधा दिला, आणि वर तिळाच्या दोन वड्या ठेवल्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्याने विचारलं, “परिक्रमा पूर्ण झाली की येऊ?” मी म्हटलं, “पुढच्या दाराने या. बाबांना आपलं नाव सांगा.” तो म्हणाला, येईन. झोळीत एक जुना बटणांचा फोन होता, त्याचा नंबर मला दिला.

अमरकंटकला वळसा घालून तो परतीच्या काठाला लागला. नर्मदा जयंतीच्या दोन दिवस आधी फोन आला. “बरगी धरणाच्या पाण्याला मोठा फेरा घालून आलो. तुमच्या घाटासमोर आहे. पलीकडे.” मी शाळेतून अर्धी सुट्टी घेतली, घरी येऊन थालीपीठं लावली, डबा भरला आणि नावेत बसले. तो पाण्यात घोट्यापर्यंत उभा होता. त्याच्या पुढे त्याला येता येत नव्हतं. मला येता येत होतं, म्हणून मी गेले. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. मैयाचा नियम होता, त्याने इतके महिने जिवापाड पाळलेला.

तिथे वाळूत बसून, थालीपीठ खाता खाता त्याने नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, त्याच्या पुढचं-मागचं सगळं. एका जुन्या संस्थानाचं घराणं. आमच्यासारखेच मराठी, आमच्यासारखेच कधीकाळी इकडे आलेले. फक्त आमचे लोक कारकून म्हणून आले आणि त्यांचे राज्य करायला. राज्य गेलं, वाडा राहिला. वाड्यात आता बाहेरच्या लोकांची लग्नं लागतात. गावात अजून त्याला बघितलं की म्हातारे उठून उभे राहतात.

माझं डोकंच फिरलं. “काहून लपवलं?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

“मी तुला कणकेवरून शिव्या घातल्या! सगळ्यांसमोर!”

“तेच तर,” तो म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदा कुणी घातल्या.”

मी उठले, दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन बसले. राग आला होता, पण आतून हसूही येत होतं. तो डबा बंद करत म्हणाला, “आज मला ओलांडता येत नाही म्हणून तू आलीस. आता माझी पाळी. मी येईन. तुझ्या दारात, सगळ्यांसमोर, मी स्वतः येईन.” हे त्याचे शब्द आहेत. मी काही घातलेलं नाही त्यात. समोर आमचा घाट दिसत होता, नर्मदा जयंतीच्या पताका लागत होत्या. मला दुसरं काही नको होतं, त्याने यावं एवढंच हवं होतं.

परिक्रमा पूर्ण करून तो घरी गेला, आणि होळीनंतर त्याचे काका आणि काकू, घरातले मोठे तेच, आमच्याकडे आले. मी भांडायच्या तयारीत होते. भांडायला काही जागाच दिली नाही त्यांनी! इतकी गोड माणसं. काकासाहेबांनी आईच्या हातच्या साबुदाण्याच्या खिचडीचं कौतुक केलं, काकूंनी माझ्या शाळेची चौकशी केली. लग्नाला घराची हरकत नाही म्हणाले. बाबा तर हवेत. आमच्या मुलीने मैयाची सेवा केली त्याचं फळ मिळालं, वगैरे वगैरे.

निघता निघता, चप्पल घालताना काकासाहेब म्हणाले, “एक रीत आहे आमच्याकडे. बरोबरीचं घर असलं तर वर स्वतः जातो. नसलं तर त्याचा खांडा जातो.”

खांडा म्हणजे तलवार. ती पाटावर ठेवायची, तिच्यावर वराचा फेटा ठेवायचा, आणि मुलीने तिच्या गळ्यात माळ घालायची. तलवारीच्या गळ्यात! मग मुलीला गाडीत घालून वाड्यावर न्यायचं, पुढचं लग्न तिथे. वर कमी दर्जाच्या दारात पाय ठेवत नाही.

“अच्छा, अच्छा,” बाबा म्हणाले.

माझे बाबा. ज्यांनी मला इतकी वर्षं सांगितलं की कुणापुढे मान खाली घालायची नाही. ते मान डोलवत होते, साहेबांचा राउंड आल्यावर मशीनपाशी डोलवायचे तशी. गाडी गेल्यावर मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला कळलं का ते काय बोलून गेले?” बाबा म्हणाले, “रीत आहे बेटा. एका दिवसाचा प्रश्न.” मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही.  आईने पाट धुऊन उन्हात ठेवला आणि ती कामाला लागली.

मी त्याला फोन लावला. तोही तेच म्हणाला! एका दिवसाचा प्रश्न. काकासाहेबांनी बाकी सगळं मान्य केलं, एवढी एक गोष्ट आपण मानू. जणू सगळे एकाच शाळेत शिकून आलेत.

“तू म्हणाला होतास मी येईन.”

“येणारच आहे ना मी तुझ्या आयुष्यात.”

“आयुष्याचं सांगू नको. दाराचं सांग.”

“अगं, माझ्या आजीचं असंच झालं. माझ्या आईचंसुद्धा. ती शिक्षकाची मुलगी होती. तिने खांड्यालाच माळ घातली, तिने कधी तक्रार केली नाही.”

 एकदम मला घाटावरची ती संध्याकाळ आठवली. मी म्हटलं, “अरे, तिने तक्रार केली की. मरताना केली. तिच्या बापाच्या दारात कुणी आलं नाही, म्हणून तिने तुला शेकडो दारांत उभं केलं. मागून खा काहून म्हणाली, विचारत होतास ना? हे घे उत्तर.”

तो फोन ठेवेल त्याआधी मी पुढचं बोलून घेतलं.

“वरात नको आणू,” मी म्हटलं. “बँड नको, घोडा नको. एकटा ये. अनवाणी ये हवं तर, तुला सवय आहे. पण तू ये.”

“बघतो,” तो म्हणाला.

बघतो! या एका शब्दावर मी दीड महिना काढला. बिनडोक बाई. मला वाटलं, त्याच्या आईचं सांगितलंय, आता हा येणारच. दिवस ठरला, वैशाखातला, सकाळी दहाचा मुहूर्त. गल्लीत मांडव पडला. आईने जेवणात श्रीखंड ठेवलं, कारण त्याला आवडायचं. मी हिरवा शालू नेसून खिडकीत उभी. शेजारच्या दीदी मला सारखं आत ओढत होत्या, नवऱ्या मुलीने असं डोकावू नये म्हणून. मी डोकावत राहिले.

गाडी आली. काकासाहेब उतरले. मागच्या दाराकडे मी बघत राहिले. त्यातून दोन माणसं उतरली, मखमली गादी धरून. गादीवर तलवार, तलवारीवर केशरी फेटा. मी तरी गाडीकडेच बघत होते. ड्रायव्हरने दार लावून घेतलं तेव्हा कळलं की आता कुणी उतरणार नाही.

पाट मांडला होता, दारातल्या रांगोळीपाशी. तोच पाट, चार महिने तो ज्यावर बसून जेवला. त्यांनी त्यावर तलवार ठेवली. गुरुजींनी माझ्या हातात माळ दिली. सगळी गल्ली उभी, फोन वर केलेले, कुणीतरी म्हणालं, वाह, क्या रॉयल बात है. मी माळ घेऊन उभी राहिले आणि मला एवढंच दिसत होतं की फेट्याच्या आत काही नाही.

“घाला,” गुरुजी म्हणाले.

“नाही घालत,” मी म्हटलं.

काकासाहेब हसले, समजूत काढायच्या तयारीने. मी म्हटलं, “काकासाहेब, आमच्या दारात जो येतो त्याला आम्ही जेवू घालतो. तुम्ही आलात, तुम्ही बसा, गरम पोळ्या होऊन राहिल्यात. पण हिला काय वाढू? ही माझ्या दारात आली नाही, हिला आणलंय. ज्याला बोलावलं होतं तो कुठे आहे?”

ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांकडे वळले आणि थंड आवाजात म्हणाले, मुलीला समजवा, असा मान परत चालून येत नाही. मला वाटलं, आता बाबा मान डोलवणार. बाबा पाटाकडे बघत होते. 

“साहेब,” ते म्हणाले, “तो पाट आमचा जेवायचा आहे. तलवार उचला.”

त्यांनी उचलली. न जेवता गेले. आमच्या दारातून पहिल्यांदा कुणी उपाशी गेलं, त्याचं आईला माझ्या मोडलेल्या लग्नाइतकंच वाईट वाटलं. श्रीखंड गल्लीत वाटलं. लोकांनी खाल्लं आणि खाता खाता मला नावं ठेवली. काय तर म्हणे, राजवाडा चालत आला आणि हिने लाथ मारली. चालत आला असता तर मारली असती का मी?

दोन आठवड्यांनी तो आला. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. गाडी लांब, मेन रोडवर लावून आला होता, कुणाला दिसू नये म्हणून. पायात बूट होते. दाढी केलेली, वजन थोडं वाढलेलं. दारात उभा राहिला आणि मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं काहून बोलू.

म्हणाला, त्या दिवशी मी निघालो होतो, काकासाहेबांनी शपथ घातली. म्हणाला, तू आईबद्दल बोललीस त्यानंतर मला झोप नाही. म्हणाला, आपण कोर्टात लग्न करू, भोपाळला, दोन साक्षीदार, कुणाला कळायचं नाही. घरी हळूहळू सांगू.

मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “या गल्लीतून येशील? लोक जागे असताना, माझ्या बाबांसमोर?”

तो खाली बघत म्हणाला, “थोडा वेळ दे.”

मी आत गेले. आईने आवाज ओळखला होता. तिने पाट मांडला होता, ताट घेतलं होतं, पोळीला तूप लावत होती. तिच्या लेखी आलेला माणूस भुकेला असतो, बस. मी कणकेचा डबा उघडला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

“नक्की?” तिने विचारलं.

मी डाळ काढली, मीठ काढलं, दोन बटाटे घेतले आणि थाळी घेऊन दारात गेले. त्याने थाळी पाहिली. चार महिने आमच्या घरी जेवलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. तोंडावरचा रंग उतरला. झोळी नव्हती, कटोरा नव्हता. त्याने दोन्ही हात पुढे केले, अगदी पहिल्या दिवशी केले होते तसे. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला, की हात तेच होते.

मी ओतलं. कणीक त्याच्या बोटांतून बुटांवर सांडली.

“नर्मदे हर,” मी म्हटलं.

तो बुटांवरच्या कणकेकडे बघत राहिला. मी दाराला हात लावून उभी राहिले. उत्तर द्यावंच लागतं, तसा नियम आहे, आणि मी वाट बघत होते. शेवटी उत्तर आतून आलं, आईचं.